क्रिएटिनिन १.४ : राज्यातल्या पॅथॉलॉजी लॅबचालकांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

अँटिबायोटिक लिहितो डॉक्टर, विकतो मेडिकलवाला, टोचते सिस्टर. त्या औषधानं किडनीच्या पेशंटचं डोकं फिरलं तर लॅबला पत्र लिहिणारा हा कोण, असं तुम्हाला वाटेल. वाटणं साहजिक आहे. पण गेल्या भाद्रपदात माझ्या सख्ख्या आत्याच्या बाबतीत जे घडलं त्यातला पहिला कागद लॅबचा होता. आकडा बरोबर होता, मशिन कॅलिब्रेट केलेलं होतं, खाली सहीशिक्का होता. तरी त्या कागदावर एक ओळ कमी होती. त्या एका ओळीसाठी हे पत्र.

मी डायलिसिस टेक्निशियन आहे. सोळा वर्षं झाली. सकाळी सहाच्या शिफ्टला मशिन प्राइम करायचं, पेशंटला काट्यावर उभं करायचं, फिश्चुलात, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडून तयार केलेल्या जाड शिरेत, दोन सुया घालायच्या आणि चार तास बीपीकडे डोळे लावून बसायचं, असं आमचं काम. डॉक्टर राउंड घेऊन जातात. आम्ही त्याच माणसाला आठवड्यातून दोनदा-तीनदा, चार-चार तास पाहतो. परवा नीट बोलणारा आज शब्दाला अडखळतोय, रजिस्टरवर सही करताना हात उडतोय, हे त्यामुळे आधी आम्हाला कळतं. त्याचं नाव काय, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

आत्या डायलिसिसवर नाही. तिची किडनी कमजोर आहे हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं. वय ७२, वजन ४२ किलो, वीस वर्षांची शुगर, बीपीची एक गोळी. उन्हात राबून वाळलेल्या आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका असतात तशी, नुसती काडी. थंडी वाजून ताप आला, लघवीला जळजळ, कंबरेत कळ. तालुक्याच्या नर्सिंग होममध्ये ॲडमिट केलं. रक्त लॅबला गेलं, लघवी कल्चरला, म्हणजे कुठला जंतू आहे आणि तो कशानं मरतो हे बघायला. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, आलं १.४. शेजारी नॉर्मल रेंज ०.६ ते १.२. डॉक्टर म्हणाले, क्रिएटिनिन जरासं वर आहे, ताप उतरला की येईल खाली.

दोन दिवसांनी कल्चर आलं. ई. कोलाय हा जंतू, गोळ्यांना दाद न देणारा. सेफिपिम या इंजेक्शनच्या अँटिबायोटिकसमोर एस, म्हणजे हे औषध लागू पडेल. म्हणून टॅझोबॅक्टमसोबतचं सेफिपिम सुरू झालं, दर आठ तासांनी दोन ग्रॅम. म्हणजे दिवसाला सहा ग्रॅम सेफिपिम.

औषध सुरू झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. सगळे खूश. चौथ्या दिवशी संध्याकाळी आत्या चादरीवरून काहीतरी वेचू लागली, सुपात जोंधळे निवडावेत तसं. मग वारलेल्या जावेला हाका मारू लागली. वहिनीनं हातात चहाचा कप दिला तो भिंतीवर जाऊन फुटला. हात आपोआप झटका देत होता. रात्रभर एकच वाक्य, 'गोठ्याचं दार लावलं का?' पाचव्या दिवशी ते वाक्यही गेलं. डोळे उघडे, पण बघणं नाही.

नर्सिंग होमचा पहिला अंदाज म्हणजे वात झाला. सोडियम तपासलं, १३४, दोष देण्याइतकं कमी नाही. सीटी स्कॅन केला, वयाच्या मानानं ठीक. मग अंदाज असा निघाला की इन्फेक्शन डोक्यात चढलं असेल. या अंदाजात एक भयंकर वळण आहे, ते लक्षात घ्या: ज्या औषधानं ती बेशुद्धीकडे चालली होती, तेच औषध आता बंद करायचं नाही असं ठरलं. घरच्यांचा अंदाज वेगळा होता. पितृपक्ष चालू होता, सर्वपित्री अमावास्या तोंडावर आली होती आणि म्हातारी मेलेल्या जावेशी बोलत होती. चुलत्यांनी अंगारा आणून उशीखाली ठेवला. मी त्यांना नावं ठेवत नाही. ताप उतरलेला, सीटी नॉर्मल, आणि माणूस तरी हरवलेला. याला त्या दिवशी शिकलेल्यांनीही काही बरं नाव दिलेलं नव्हतं.

मी रविवारी पोहोचलो. खांदे, हात, कधी ओठाचा कोपरा, असे बारीक झटके सुटत होते. आमच्या युनिटमध्ये दोन डायलिसिस चुकवून आलेल्या पेशंटमध्ये मी असे झटके पाहिलेत. 'थांब' म्हणताना हात धरतो तसा पंजा धरायला सांगायचा. तो फडफडायला लागतो. पण आत्या काही डायलिसिस चुकवणारी बाई नव्हती. ड्रग चार्ट मागितला. सेफिपिमच्या रकान्यात टिकांची रांग. मोबाइलवर हिशोब केला आणि पोटात गोळा आला.

त्या डॉक्टरांबद्दल एक सांगायलाच हवं. बाहेरच्या टेक्निशियननं डोसवर बोट ठेवलं तर बहुतेक ठिकाणी त्याला दाराकडे बोट दाखवतात. त्यांनी तसं केलं नाही. किडनीच्या डॉक्टरांना फोन लावला, औषध थांबवलं, आणि ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी तपासायची, सोय तिथं नव्हती म्हणून त्याच रात्री आत्याला शहरात पाठवलं. ईईजीत फीट चालू होती. अंग आपटत नाही, तोंडाला फेस नाही, पण मेंदूत ती थांबतच नाही. अशी फीट ईईजी काढल्याशिवाय पकडता येत नाही आणि तालुक्याच्या दवाखान्यात ती 'वात' होऊन पडून राहते. फिटीचं औषध दिलं, अँटिबायोटिक बदललं. तिसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं विचारलं, "माझी बोरमाळ कुणी काढली?"

आता त्या १.४ कडे या.

तुम्हाला हे शिकवायची गरज नाही, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून लिहितो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. स्नायू कमी तर क्रिएटिनिन मुळातच कमी तयार होतं, आणि किडनी अर्ध्याहून अधिक गेलेली असली तरी रक्तातला आकडा सभ्य दिसतो. १९७६ मध्ये कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी दिलेलं सूत्र अजून औषधाच्या डोससाठी वापरतात: १४० मधून वय वजा करा, वजनानं गुणा, ७२ गुणिले क्रिएटिनिननं भागा, बाई असेल तर पुन्हा ०.८५ नं गुणा. तीस वर्षांचा ७५ किलोचा गडी घ्या, क्रिएटिनिन १.४. उत्तर मिनिटाला ८२ मिलिलिटर, म्हणजे एवढी किडनीची गाळण. माझी आत्या घ्या, क्रिएटिनिन तेच १.४. उत्तर २४.

दोघांच्या रिपोर्टवर तुम्ही तीच चार अक्षरं छापता: १.४, हाय.

सीकेडी-ईपीआय नावाचं २०२१ चं नवं सूत्र लावलं तर आत्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळणीचा अंदाजी आकडा, ४० येतो आणि त्या गड्याचा ६९. हे ४० सुद्धा अंगाचं क्षेत्रफळ १.७३ चौरस मीटर असलेल्या माणसासाठी असतात. आत्याची उंची १४८ सेंटिमीटर, अंग जेमतेम १.३ चौरस मीटर. तिच्या मापानं तो आकडा ३० वर येतो. २४, ३० की ४०, यावर तज्ज्ञांनी खुशाल वाद घालावा. सेफिपिमच्या माहितीपत्रकाप्रमाणे ३० ते ६० च्या दरम्यान किडनी चालत असेल तर दोन डोसमधल्या आठ तासांचे बारा तास होतात, ३० च्या खाली गेली तर चोवीस. दिवसाचे सहा ग्रॅम कुठल्याच हिशोबात बसत नाहीत.

सेफिपिमचा सुमारे ८५ टक्के भाग जसाच्या तसा लघवीतून बाहेर पडतो. धडधाकट माणसात साधारण दोन तासांत औषध निम्मं होतं. डायलिसिसवरच्या माणसात त्याला साडेतेरा तास लागतात. आठ तासांनी पुढची बाटली लावली तर आधीची निम्मीही गेलेली नसते. तिच्यावर दुसरी, दुसरीवर तिसरी. रांजणाच्या तळाचं भोक बुजलंय आणि वरून घागरी ओतणं चालूच आहे. आणि किडनी बिघडलेल्या माणसाचा मेंदूही आधीच उघडा पडलेला असतो. रक्तातलं अल्ब्युमिन कमी, म्हणून मोकळं फिरणारं औषध जास्त. मेंदूतून औषध बाहेर ढकलणारी यंत्रणा युरियासोबत साठलेल्या घाणीनं मंदावलेली.

मेंदूत गाबा नावाचा एक लगाम आहे. पेशी भडकू नयेत म्हणून तो खेचून धरतो. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन या जातीची औषधं मेंदूत जास्त पोहोचली की गाबाच्या जागा अडवून बसतात आणि लगाम सुटतो. पेनिसिलिननं फीट येऊ शकते हे १९४५ मध्येच वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलं होतं. नंतरची कित्येक दशकं प्रयोगशाळेत प्राण्यांना मुद्दाम फीट आणायची असेल तर शास्त्रज्ञ त्यांच्या मेंदूवर पेनिसिलिनच लावत. एवढं जुनं, एवढं पक्कं माहीत असलेलं हे ज्ञान आहे. सेफिपिमला अमेरिकेत १९९६ मध्ये परवानगी मिळाली आणि जून २०१२ मध्ये तिथल्या एफडीएनं खास इशारा काढला: या औषधावर असताना न दिसणारी फीट आल्याच्या ५९ घटना नोंदल्या गेल्यात, जवळजवळ सगळ्यांची किडनी बिघडलेली होती आणि बहुतेकांचा डोस किडनीप्रमाणे कमी केलेला नव्हता. या ५९ घटना म्हणजे फक्त कुणीतरी ओळखलेल्या आणि कळवलेल्या. आत्यासारख्या, वात झाला म्हणून सोडून दिलेल्या, त्यात नाहीत.

सेफिपिमवर माझा विशेष राग आहे असं समजू नका. आत्याचं लघवीतलं इन्फेक्शन त्यानंच आवरलं. आणि या यादीत ते एकटंही नाही.

पिपरॅसिलिन, सेफ्टाझिडिम, इमिपेनेम, एर्टापेनेम, सगळ्यांच्या माहितीपत्रकात फीट आणि भ्रम लिहिलेला आहे. सेफ्ट्रायॅक्झोन अर्धं पित्तातून जातं म्हणून 'किडनीला सेफ' अशी त्याची ख्याती. तरी डायलिसिसच्या पेशंटना मोठ्या डोसवर त्यानंही भ्रम झाल्याच्या नोंदी आहेत. इमिपेनेम-मेरोपेनेम घराण्याचा आणखी एक गुण कमी लोकांना माहीत आहे. पेशंट आधीपासून फिटीसाठी व्हॅल्प्रोएट घेत असेल तर ही औषधं रक्तातलं व्हॅल्प्रोएट झपाट्यानं खाली आणतात, आणि मग वर्षानुवर्षं न आलेली फीट वॉर्डात येते. लिव्होफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन तर मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवायही मागून मिळतात, वर दुखण्याची एक गोळी सोबत. या जोडीनं फिटीचा धोका वाढतो हे पाकिटातल्या कागदावर असतं, पण तो कागद कोण उलगडतो? नायट्रोफ्युरँटॉइननं पायांच्या नसा जळतात. शुगरच्या पेशंटचे पाय आधीच जळत असतात, म्हणून दोष शुगरच्या माथी जातो. किडनी फार खालावली असेल तर हे औषध लघवीत पुरेसं उतरतही नाही; म्हणजे जंतूंना आराम आणि नसांना मार.

आमच्या युनिटमध्ये एक शिंपी यायचे. टीबी निघाला म्हणून उपचार सुरू झाले, वजनाप्रमाणे रोजच्या एकत्रित गोळ्या. दोन-अडीच महिन्यांनी एक दिवस म्हणाले, "मास्तर, लाल रीळ आणि हिरवी रीळ सारखीच दिसायला लागलीत." वयामुळे असेल असं त्यांनाही वाटत होतं. त्या गोळीतलं एथॅम्ब्युटॉल हे औषध डोळ्याच्या नसेला मारक ठरू शकतं, आणि ते मुख्यतः किडनीतून जातं. डायलिसिसच्या पेशंटला ते आठवड्यातून तीनदा, डायलिसिस झाल्यावर द्यायचं असतं, आणि एकत्रित गोळीतून ते वेगळं काढता येत नाही. डोळ्याच्या नसेला बसलेला फटका लवकर पकडला तर बराचसा भरून येतो. त्यांचा आला, पूर्ण नाही. सुईत दोरा आता त्यांची नात ओवते.

कानाचं तसं नाही. अमिकासिन या इंजेक्शनच्या अँटिबायोटिकनं गेलेलं ऐकू परत येत नाही. आधी कानात रातकिडे, मग बाईचा आवाज नीट न समजणं, मग टीव्हीचा आवाज वाढवत जाणं. एका पेशंटच्या बायकोनं मला सांगितलं होतं की हे हल्ली माझ्याकडे लक्षच देत नाहीत. मी हसलो होतो. त्या हसण्याची अजून लाज वाटते.

नागिणीवरचं असायक्लोव्हिर अँटिबायोटिक नाही, व्हायरसवरचं औषध आहे, पण गंमत म्हणून ऐका. म्हणजे गंमत कसली. ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा हा धडधाकट माणसाचा डोस. किडनी जवळजवळ बंद असलेल्यांना तीच गोळी बारा तासांनी एक. गावच्या दवाखान्यातून पाच वेळाची चिठ्ठी घेऊन आलेला एक ड्रायव्हर आमच्या मशिनवर झोपून चार तास गिअर बदलत होता. डायलिसिसनं हे औषध निघून जातं, त्यामुळे तो तिथल्या तिथे सुधारला. सेफिपिमचंही बरंच डायलिसिसमध्ये निघतं. म्हणूनच असलं अँटिबायोटिक डायलिसिसनंतर द्यायचं असतं, आधी दिलं तर नळीतून गटारात.

एवढं सगळं माझ्यासारख्या डिप्लोमावाल्या माणसाला माहीत असेल, तर डॉक्टरांना नसेल? असतं. परीक्षेला लिहिलेलंही असतं. रात्री अकरा वाजता थंडीतापानं कुडकुडणारी म्हातारी समोर असताना आठवत नाही, एवढंच. आठवण करून देणारं त्यांच्या टेबलावर त्या वेळी काय असतं? तुमचा कागद.

म्हणून माझं पहिलं मागणं. प्रौढ माणसाचं क्रिएटिनिन छापाल तिथं त्याच ओळीखाली ईजीएफआर छापा. 'किडनी प्रोफाइल' मागितली तरच नको. नुसतं क्रिएटिनिन मागितलेल्या चिठ्ठीवरसुद्धा हवं. वय आणि लिंग तुमच्या फॉर्मवर असतंच, सूत्र सॉफ्टवेअरमध्ये एकदा घालायचं, रिएजंटचा एक थेंब जास्त लागत नाही. विचित्र प्रकार बघा: घरी येऊन सॅम्पल नेणाऱ्या हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये बारा पानी रंगीत रिपोर्ट असतो, त्यावर किडनीचं चित्र, हिरवा-पिवळा पट्टा, ईजीएफआर, सगळं. तो जातो ठणठणीत माणसाकडे. नर्सिंग होममध्ये सलाईन लावून पडलेल्या बाईच्या वाट्याला मात्र वहीच्या पानाएवढी स्लिप.

वयाबद्दल एक. सॅम्पल घेणारा मुलगा बघून अंदाजे वय टाकतो, '६५'. आमच्या गावात निम्म्या म्हाताऱ्यांचा जन्म एक जूनचा, शाळेच्या दाखल्याच्या कृपेनं. तेवढी चूक चालेल. पण अंदाजाच्या ६५ आणि खऱ्या ७८ मध्ये डोसची एक पायरी हरवते. आणि फॉर्मवर वजनाचा एक रकाना वाढवा. काटा सातआठशे रुपयांना मिळतो. वजन असेल तर कॉक्रॉफ्ट-गॉल्टचा आकडाही छापता येईल, आणि औषधाच्या डोसला खरा उपयोगी पडतो तो तोच.

दुसरं मागणं कल्चरच्या रिपोर्टबद्दल. अँटिबायोटिक खरं निवडलं जातं ते तुमच्या त्या कागदावर. डॉक्टरांची नजर एसच्या रकान्यावरून खाली उतरते आणि एका नावावर थांबते. सेफिपिमसमोर कधीकधी एसडीडी येतं, म्हणजे डोस वाढवून दिलं तर चालेल. डोस वाढवायची सूचना छापता. कमी करायची का छापत नाही? एस, आय, आर (लागू, मध्यम, लागू नाही) च्या तक्त्याखाली एक ओळ टाका: 'यातील पुढील औषधांचा डोस किडनीच्या कार्यानुसार बदलतो', आणि नावं. रक्त तुमच्याकडेच आलेलं असेल तर त्याच कागदावर ईजीएफआरही. तुमच्या लॅबमध्ये बायोकेमिस्ट्रीच्या टेबलापासून मायक्रोबायोलॉजीचं टेबल दहा पावलांवर असतं, पण ते दोन आकडे एका कागदावर आलेले मी क्वचितच पाहिलेत.

तिसरं. पोटॅशियम ६.५ आलं की तुम्ही फोन करता, हिमोग्लोबिन ४ आलं की करता. क्रिएटिनिन ४८ तासांत ०.३ नं वाढलं तर ती किडनीला झालेली ताजी इजा धरायची, असं केडिगो या किडनीच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थेच्या २०१२ च्या मार्गदर्शनात आहे. ०.९ वरून १.२ झालं तर तुमच्या रिपोर्टवर दोन्ही नॉर्मल. ठळक टाइपसुद्धा नाही. पण आधीचा रिपोर्ट तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये असतो. तो फरक मशिनला पकडू द्या आणि एक फोन करा. आत्याचं क्रिएटिनिन चौथ्या दिवशी कुणी तपासलंच नाही; पाचव्या दिवशी शहरात तपासलं तेव्हा २.१ होतं.

यावर तुम्ही काय म्हणाल याचा अंदाज आहे. 'कृपया क्लिनिकली कोरिलेट करा' हे आम्ही प्रत्येक रिपोर्टवर छापतोच, म्हणाल. खरंय. लघवीच्या रिपोर्टवर असतं, प्लेटलेटच्या असतं, प्रेग्नन्सी टेस्टच्यासुद्धा असतं. ते वाक्य आता कुणी वाचत नाही, लेटरहेडच्या नक्षीसारखं झालंय.

ईजीएफआर फसवा असतो, हेही म्हणाल, आणि इथं तुमचं बरोबर आहे. किडनी अचानक बंद पडली तर पहिल्या दिवशी क्रिएटिनिन वाढलेलंच नसतं. लघवी थांबलेल्या माणसाचा ईजीएफआर ७० छापून येईल आणि डॉक्टर निर्धास्त होतील. पाय कापलेला, वर्षभर अंथरुणावर असलेला, जिमला जाणारा, गरोदर, यांच्यात तो चुकतो. मग तेवढं त्याच ओळीत बारीक अक्षरात लिहा. फसव्या आकड्यापेक्षा आकडा नसणं बरं, हे मला पटत नाही, कारण आकडा नसतो तेव्हा डॉक्टरांच्या डोक्यात १.४ म्हणजे 'जरासं वर' हा त्याहून फसवा आकडा आधीच बसलेला असतो.

आणखी एक आक्षेप आहे, तो तुमचा नाही, किडनीच्याच एका डॉक्टरांनी मला ऐकवला. लोक घाबरून अँटिबायोटिक कमी देतील आणि पेशंट सेप्सिसनं, म्हणजे अंगभर पसरलेल्या इन्फेक्शननं, जाईल. हा धोका खरा आहे. पहिला डोस किडनी कशीही असली तरी सहसा पूर्णच द्यायचा असतो. बदलतं ते पुढचं अंतर. आणि इन्फेक्शननं बसलेली किडनी कधी दोन दिवसांत उठते, तेव्हा कमी केलेला डोस पुन्हा वाढवावा लागतो. म्हणूनच रोजचा ताजा आकडा हवा. घरी पेशंट असलेल्यांनी हे वाचून स्वतःच सलाईन बंद करायला सांगू नये, हेही इथंच लिहून ठेवतो. 'यांचा ईजीएफआर किती, त्याप्रमाणे डोस बसवलाय ना?' एवढा प्रश्न विचारावा. डोस नीट कमी केलेल्यांतही कधीकधी हा त्रास होतो, तेव्हा चादर वेचणं आणि हात उडणं दिसलं तर तेही सांगावं.

रिपोर्टवर सही कुणाची, एमडी डॉक्टरची की डीएमएलटी झालेल्या लॅब टेक्निशियनची, हे भांडण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. महत्त्वाचंच होतं. रिपोर्टवर काय असावं यासाठी मात्र कुणी तालुका कोर्टाची पायरीही चढलेलं माझ्या पाहण्यात नाही. मेडिकलवाल्यांना मार्च २०१४ पासून शेड्यूल एच-वनचं, म्हणजे कडक नियंत्रणाखालच्या औषधांच्या विक्रीचं, रजिस्टर ठेवावं लागतं. सेफिपिम विकलं की पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं, सगळं तीन वर्षं जपायचं. त्यातही किडनीसाठी रकाना नाही. अन्न व औषध प्रशासनाला वेगळं पत्र लिहीन तेव्हा लिहीन.

आत्याची घटना मी औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाला कळवली आहे. १८००-१८०-३०२४ हा त्यांचा फुकटचा नंबर. पेशंटसाठीचा फॉर्म मराठीतही आहे. तुमच्याकडे रिपोर्ट न्यायला येणारे नातेवाईक 'औषधानं असं असं झालं' म्हणून काउंटरवर बोलत उभे असतात. तिथं हा नंबर चिकटवायला जागा निघेल.

जाता जाता. आमच्या गावाजवळच्या एका छोट्या लॅबच्या मालकांना दिवाळीत भेटलो आणि हे सगळं सांगितलं. त्यांनी सॉफ्टवेअरवाल्या मुलाला फोन लावला. आमचा चहा संपायच्या आत क्रिएटिनिनखाली ईजीएफआर यायला लागला. पहिल्या आठवड्यात त्यांना तीन डॉक्टरांचे फोन आले. दोघांनी विचारलं, हे नवीन काय काढलंत? तिसऱ्यानं विचारलं, याचे पैसे वेगळे लावणार का?

आत्याचं पुढचं क्रिएटिनिन येत्या महिन्यात आहे, त्याच लॅबमध्ये. वजनाचा रकाना अजून छापून आलेला नाही, त्यामुळे फॉर्मच्या कोपऱ्यात मीच पेनानं लिहीन. काल काट्यावर उभं केलं होतं तिला. ४१ भरली.

आपला,
एक डायलिसिस टेक्निशियन